आधी माती, मग पंचाईत

मोरखार, सोमवार, २ मार्च १९३६

हमीद,

पाच महिने मी हे पत्र टाळतोय. कारणं सांगायची तर पुष्कळ आहेत. मध्ये दीड महिना उरणला मिठागरात होतो, तिथे बोटांना अशा भेगा पडल्या की टाक धरवत नव्हता. त्याआधी पनवेलला एका लाकडाच्या वखारीत. त्याआधी नुसताच हिंडत होतो. हे सगळं खरं आहे, आणि यातलं एकही खरं कारण नाही.

आपलं बोलणं बंद होऊन तीन वर्षं झाली. एडनला मी तुला न सांगता बोटीवरून पळालो आणि माझ्या वाटच्या लाथा खलाशांवरच्या सारंगाने तुला घातल्या, हे मला मागाहून कळलं. तेव्हापासून तू मला एक ओळ लिहिली नाहीस. पण तू घरी धाडलेलं प्रत्येक पत्र मीच वाचलंय. मी बाहेर असलो तर ते मी येईपर्यंत न फोडता पडून राहतं. तुझ्या आईला दुसरं कोण वाचून दाखवणार? मशिदीतले मुल्लाजी उर्दू वाचतात आणि तू माझ्याबरोबर मराठी शाळेत चार बुकं शिकलास. वरच्या आणि खालच्या मोरखारात मिळून धड वाचणारा सध्या मी एकटा. त्यामुळे तुझ्या घरची सुखदुःखं माझ्या तोंडून जातात. शेवटी 'हरेश्वरला सलाम' असं तू कधीच लिहीत नाहीस. मी वाचताना ते घालतो. चाचीला बरं वाटतं.

नवरात्रात तुला चाचीच्या नावाने जे पत्र पोचलं तेही माझ्याच हातचं. अक्षर तू ओळखलं असशील. 'तुझे वडील अमावास्येला बांधाच्या उघाडीपाशी पाय घसरून भरतीत गेले, अल्लाची मर्जी.' एवढंच लिहिलं होतं. त्याबद्दल मला आज लिहायचं आहे.

पण आधी हे सांगतो, नाहीतर राहील. तू जानेवारीच्या पत्रात लिहिलं होतंस ना, की हबशांच्या मुलखावर चाललेल्या इटालीच्या बोटी एडनवरून जातात, वर खेचरं बांधलेली असतात आणि शिपाई गाणी म्हणतात. ते मी चाचीला वाचून दाखवलं आणि मग सीमेच्या दगडापाशी बसलेल्या मंडळींनाही सांगितलं. तो दगड आता अर्धा मातीत गेलाय. अलीकडे आमचं वरचं मोरखार, माणगाव तालुका, सरकारी मुलूख; पलीकडे तुमचं खालचं, नवाबाच्या मुलखात. दगडाच्या दोन्ही बाजूंना माणसं पाठ टेकून बसतात, हे तू गेलास तेव्हा होतं तसंच आहे.

खालचा रावजी म्हणाला, "नवाबसायबाचं मूळ हबशाचं. म्हंजे ही लढाई आपल्या पाव्हन्यांची हाय."

कोंडाजीमामा म्हणाला, "मंग जा की कोयती घेऊन. वाटंत एडनला हमीदकडं भाकरी खा."

"मी गेलो तर माज्या वाटची माती कोन टाकील बांधावर?"

"आता तरी कुटं टाकतोस?"

असं चाललेलं असतं. एरवी मला हसू आलं असतं. तिथे तुझ्या वडिलांची, करमअली चाचांची बसायची जागा आहे, दगडाच्या उन्हाच्या बाजूला. तिथे अजून कोणी बसत नाही.

लिहिणार होतो ते राहिलंच. डाक माणगावहून उद्या निघते, म्हणून हे असंच टाकतो. पुढच्यात लिहीन.

हरेश्वर


मोरखार, गुरुवार, १९ मार्च १९३६

हमीद,

तुझं उत्तर येणार नाही हे धरूनच लिहितोय. एका परीने ते सोपं पडतं.

जोळ म्हणजे काय हे मी तुला सांगायला नको. तुझे वडील, माझा कोंडाजीमामा, त्यांचे बाप, सगळे जोळेतच वाढले. पण लिहितोच, कारण लिहिल्याशिवाय मी काय मोडलं ते मलाही दिसत नाही. जोळ म्हणजे बांध मिळून राखणारी दोन्ही वाड्यांची मंडळी. खाडीचं खारं पाणी अडवणारा बाहेरचा बांध एक, त्यातलं पाणी सोडायचं दार म्हणजे उघाडी, तीही एक. त्याच्या आत वरच्या मोरखारची खाचरं आणि खालच्या मोरखारची खाचरं. खाडीला दगड दिसत नाही, सरकार कुणाचं ते कळत नाही. म्हणून बांध फुटून खांड पडली की उघाडीवरचा डबा वाजवायचा आणि दोन्ही वाड्यांतून घरटी एक माणूस टोपली आणि पेंढ्याचा भारा घेऊन धावायचं. घरात मढं असलं तरी. कुणाची चूक, कुणाची पाळी, हे खांड बुजेपर्यंत तोंडातून काढायचं नाही. आधी माती, मग पंचाईत. लहानपणी आपल्याला हे इतक्या वेळा ऐकवलं की आपण त्याची नक्कल करायचो.

आणि मी काय केलं, तर ते उलटं केलं.

गेल्या श्रावणात एक लहान खांड पडली होती, तू नव्हतास. ती बुजली, पण कुरबुर राहिली. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही वाड्या दगडापाशी बसल्या. मामा म्हणाला, "वरची सव्वीस मानसं आली. खालची अकरा. ती पन पानी वसरल्यावर."

रावजी म्हणाला, "आमची लावनी चालली व्हती. आनि तुमची सव्वीस म्हंजे त्यात चार म्हातारे, सा पोरं आनि हा हरेश्वर."

सगळे हसले. मामाही हसला. मला ते लागलं. तुला माहीत आहे, मी एका जागी टिकत नाही, मिठागर, वखार, बोट, सगळीकडून पळालेला माणूस, आणि गावात आलो की मला कोणी माणसात मोजत नाही. माझ्याजवळ एकच गोष्ट आहे जी त्यांच्याजवळ नाही. मी वर्तमानपत्र काढलं. पुण्याचं, आठ दिवस शिळं.

त्यात जिनिव्हाची हकिगत होती. पन्नासावर राष्ट्रं एका सभेत बसतात, इटाली आणि हबशी यांचा तंटा त्यांच्यापुढे आहे, पाच जणांची कमिटी नेमली आहे, ती दोन्ही बाजू ऐकून घेणार. जो सभेचं मोडील त्याच्यावर सगळ्यांनी बहिष्कार टाकायचा. मी रंगवून वाचलं. म्हणालो, जग कुठे चाललंय बघा. आपण अजून डबे वाजवतो. आपणही कागद करू. पाच पंच. कुणी किती माती टाकायची ते पंच ठरवतील, आणि ते ठरेपर्यंत कुठल्याही एका बाजूने बांधाला हात लावायचा नाही, कारण एकाने लावला की दुसरा अंग काढून घेतो. जो लावील तो जोळेबाहेर.

चाचा सगळं ऐकून घेत होते. त्यांनी विचारलं, "आनि तिकडं खांड पडली तर माती कोन टाकतो?"

"तिथे आधी ठराव होतो, चाचा."

"ठरावानं पानी थांबतं?"

"ती सुधारलेली माणसं आहेत," मी म्हणालो.

"असतील," चाचा म्हणाले. "पानी सुधारलेलं हाय का, ते इचारून घे."

पुन्हा हसले सगळे, पण या वेळी तरुण माझ्या बाजूने होते. वरच्यांना वाटलं, खालच्यांना आता बरोबरीने राबावं लागेल. खालच्यांना वाटलं, वरच्यांचा टोमणा बंद होईल. मामाला काय वाटलं ते मला आता कळतं. त्याला वाटलं, कागद भाच्याच्या हातात म्हणजे आपल्याच हातात. मी तिथेच मांडीवर फळी घेऊन कागद लिहिला. सगळ्यांनी अंगठे उठवले. चाचांनी शेवटी उठवला. म्हणाले, "समद्यांनी केला तर माजा पन घे. जोळ हाय."

पंच वरचे दोन, खालचे दोन. पाचवा चाचांनी व्हावं असं ठरलं, कारण त्यांची सात खाचरं दगडाला लागून, दोन्हीकडची. ते नको म्हणाले. दुसरं नाव एकाला पटे तर दुसऱ्याला पटेना. पाचवा पंच शेवटपर्यंत ठरला नाही, म्हणून पंच एकदाही बसले नाहीत. आणि पंच बसेपर्यंत बांधाला हात लावायचा नाही असं मीच लिहून ठेवलं होतं.

मामी हाक मारतेय. शिमग्याच्या उरलेल्या पुरणाच्या गोष्टी अजून चालल्यात घरात, कोण जास्त खाल्लं, कोण कमी. तुला हे कशाला लिहितो, देव जाणे.

हरेश्वर


मोरखार, रविवार, १२ एप्रिल १९३६

हमीद,

हे पत्र मी स्वतः माणगावला जाऊन टाकणार आहे. मध्ये कुठे वळणार नाही. म्हणून सकाळीच लिहायला बसलोय.

भाद्रपदातली अमावास्या शुक्रवारी होती. भात निसवून लोंब्या आल्या होत्या. उधाणाची भरती बारा वाजता. चाचा जुम्म्याच्या नमाजाला निघाले होते, अंगात धुतलेला सदरा. मशिदीला जाताना बांधावरून एक फेरी मारायची त्यांची रीत. उघाडीच्या डाव्या अंगाला त्यांना पाणी झिरपताना दिसलं. खेकड्याचं बीळ, मुठीएवढं. त्यांनी डबा वाजवला.

तुमच्या मोहल्ल्यातली माणसं मशिदीत बसलेली. रावजी आणि त्याची माणसं खाडीपलीकडे बाजाराला गेलेली. पण वरचे आम्ही एकोणीस जण पोचलो. हे मी नीट मोजून लिहितोय, कारण नंतर पंचनाम्यात 'मदतीस कोणी नव्हते' असं लिहिलंय. एकोणीस होतो. टोपल्या होत्या, पेंढ्याचे भारे होते. हातपायांना सवय असते, डबा वाजला की भारा खांद्यावर येतो.

बांधावर येऊन सगळे थांबले. कागद माझ्या खिशात होता आणि सगळ्यांना ते ठाऊक होतं.

मामा म्हणाला, "काय म्हनतो तुजा कागद?"

मी म्हणालो, "एका बाजूने हात लावायचा नाही. आज आपण बुजवली तर खालचे म्हणतील, बघा, यांचं हे करतात. कायमचं आपल्या गळ्यात पडेल. रावजीला बोलावणं धाडा."

चाचा खाली पाण्यात उतरले होते. सदरा काढून त्याचा बोळा त्यांनी बिळात कोंबला होता आणि वर पाठ लावून उभे होते. त्यांनी वर बघितलं. "अरे पोरांनो, आधी माती."

कोणी हललं नाही.

"हरेश्वर, एक भारा टाक रे. एकच."

भारा माझ्या पायाशी होता. आणि मी, हमीद, मी कागद काढून वाचत होतो. तातडीच्या वेळी काही सूट लिहिली होती का, ते शोधत होतो. मीच लिहिलेला कागद. त्यात नव्हती. वरच्या वाडीतल्या बाळाजीने टोपली उचलली, तर मी त्याचं मनगट धरलं. त्याने सोडवून घेतलं नाही. मी जोर केला नव्हता, त्याला सोडवून घेता आलं असतं. पण त्याचाही अंगठा कागदावर होता.

पाणी चाचांच्या छातीला लागलं. ते मला शिव्या देत नव्हते. ते काहीतरी पुटपुटत होते, मला वाटतं नमाजाचं असेल, वेळ तीच होती. मग बांध बसला. मोठा आवाज झाला नाही. ओली भिंत बसते तसा बसला, आणि चाचा होते तिथे नुसतं तांबडं पाणी आत धावलं.

मग सगळ्यांनी माती टाकली. कुणी कुणाला विचारलं नाही. मशिदीतून माणसं आली, बाया आल्या, रावजीची माणसं होडी टाकून आली. पन्नाससाठ माणसं ओहोटीपर्यंत माती टाकत होती. काही उपयोग झाला नाही, बांध तीस हात गेला होता. भात सगळं खारं झालं. पाणी वसरल्यावर चाचा तिवरांत सापडले. रावजीने आणि बाळाजीने उचलून आणलं.

आता पुढचं लिहितो, ते याहून वाईट आहे.

दोन्हीकडचे अंमलदार पंचनाम्याला येणार होते. त्याच संध्याकाळी मामा ओटीवर माझ्याशेजारी बसला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "मेलेल्याला काय लागत न्हाय. जित्यांना लागतं. एकोनीस मानसं हुबी व्हती म्हनलं तर एकोनीस घरं जातील. तू ल्ही, उघाडी त्यानंच उघडली. मासळीला जाळं लावाया."

"ते तसे नव्हते, मामा."

"मला सांगतोस व्हय? माजा दोस्त व्हता त्यो. ल्ही."

मी लिहिलं. दोन प्रती, एक सरकारी अंमलदाराला, एक नवाबाच्या. मग तुझ्या घरी गेलो. चाचीची साक्ष हवी होती. तिला मी सांगितलं, खारं पाणी शिरलं म्हणून सारा माफ व्हावा असा हा अर्ज आहे. तिने विचारलं, "तू वाचलंस ना?" मी हो म्हणालो. तिने अंगठा दिला. त्यात लिहिलं होतं की माझा नवरा भरतीच्या वेळी उघाडी उघडून मासे धरीत असे.

ज्याच्या हातून उघाडी उघडी राहून खांड पडते तो जोळेबाहेर जातो, ही जुनी रीत तुला ठाऊक आहे. नुसतं नाव जात नाही. नवा बांध त्याच्या जमिनीच्या आतून घेतात आणि त्याची खाचरं खाडीला सोडून देतात. तुमची सात खाचरं. येत्या अक्षय्यतृतीयेला जोळ बसून बांधाची रेघ ठरवणार आहे, आणि सगळे त्या पंचनाम्यावर बोट ठेवणार आहेत, ज्यांनी आपल्या डोळ्यांनी बघितलं तेसुद्धा. मला वाटतं आता त्यांना ते तसंच आठवतं.

तू ये. किंवा तिथून अंमलदारांना लिही, या पत्राचा दाखला दे, माझी सही आहे. मी इथे उभा राहून बोलायला हवं, हे मला कळतं. मामाच्या घरात जेवतो, एकोणीस घरं आहेत, ही कारणं मी तुला देणार नाही. माझ्याने होत नाही, एवढंच.

हरेश्वर


मोरखार, रविवार, १० मे १९३६

हमीद,

मागचं पत्र पोचलं असेल तर तू वाचून काय केलंस याचा मी रोज विचार करतो. फाडलंस, की खिशात ठेवलंस. पोचलं नसेल तर हे सगळं तुला अर्धवट वाटेल.

अक्षय्यतृतीयेला रेघ ठरली. मी सभेत होतो. मामाने सुंभ धरला, रावजीने दुसरं टोक. खुंट्या ठोकत गेले. सात खाचरं बाहेर. खाली बसलेल्या तुमच्या मोहल्ल्यातल्या दोघांनी मान खाली घातली, त्यांचीही खाचरं आत आहेत. रावजी एकदा म्हणाला, "बाईमानूस हाय, लेक परमुलखात. आत घेतली तर काय जातं?" मामा म्हणाला, "रीत जाती." आणि सुंभ ओढला. मी तोंड उघडलं होतं, खरंच उघडलं होतं. मामाने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "हरेश्वर, ती खुंटी दे." मी खुंटी दिली.

दुसऱ्या दिवसापासून मी माती वाहतोय. या वेळी पळालो नाही, इतकंच मला म्हणता येईल, आणि त्यातही काही चांगलं नाही.

काल वर्तमानपत्र आलं. हबशांचं राजधानीचं शहर पडलं, त्यांचा राजा देश सोडून गेला. तुला तिथे आधीच कळलं असेल, बोटीच्या बोटी भरून माणसं आली असतील. इथे दगडापाशी मी वाचलं तेव्हा रावजीने विचारलं, "आनि ती पन्नास राज्यं?"

"त्यांनी बहिष्कार टाकला होता."

"कशावर?"

बऱ्याच वस्तूंवर, मी म्हणालो. पण बोटींना लागतं ते तेल चालूच होतं.

रावजी म्हणाला, "म्हंजे ती पन बांधावर हुबी व्हती." आणि म्हणाल्यावर त्यालाच ते लागलं असावं, कारण तो उठून गेला. तो त्या दिवशी बाजारात होता, तरी उठून गेला.

मी किती ठिकाणचे कारभार बघितले, हमीद. बोटीवर सारंग शिट्टी मारतो आणि कामं होतात. उरणला मुकादम ओरडतो आणि पाळ्या बांधल्या जातात. नवाबाकडे हुकूम निघतो, इकडे मामलेदाराचा कागद येतो. मुंबईत सभांमधून ऐकलं की उद्या आपलं राज्य आलं की सगळं आपण ठरवू. मला वाटायचं, या सगळ्यांत मागासलेलं म्हणजे आपलं मोरखार, जिथे नुसता डबा वाजतो आणि माणसं कुणाच्याही हुकुमाशिवाय पळत सुटतात. मी त्यांना थांबायला शिकवलं. आता ती शिकली. परवा शेजारच्या वाडीत गवताची गंजी पेटली, तर आमची माणसं आधी एकमेकांकडे बघत होती. एक क्षणच, मग धावली. पण तो क्षण पूर्वी नव्हता.

चाची दारात उभी असते. तिच्या दारातून नवा बांध दिसतो. मी पाणी प्यायला गेलो तर तांब्या भरून देते आणि विचारते, "एडनहून काय आलं?" मी नाही म्हणतो. तिला कुणी सांगितलं नाही की खाचरं बाहेर का ठेवली. तिला वाटतं, बाई एकटी म्हणून.

हरेश्वर


मोरखार, शनिवार, २३ मे १९३६

हमीद,

बांध वीस हात राहिलाय. पुढच्या पौर्णिमेच्या भरतीआधी जोडायचा, म्हणजे पाऊस लागायच्या आत. दोन्ही टोकं समोरासमोर आली आहेत आणि मधून ओहोटीला आतलं पाणी तुमच्या खाचरांवरून निघतं. जोपर्यंत हे वीस हात उघडे आहेत तोपर्यंत रेघ बदलता येते. बाहेरच्या अंगाने चार दिवस जास्त राबावं लागेल, इतकंच. जोडला की झालं. मग कुणी सांगितलं तरी कोणी उकरणार नाही.

म्हणून मी ठरवलं होतं की आज सांगायचं. काल ठरवलं होतं की काल सांगायचं. आज सकाळी कामावर गेलोच नाही, मामीला म्हणालो कणकण आहे. घरात बसून वाक्य जुळवत होतो, आणि जुळेना, म्हणून तुला लिहायला घेतलं. तुला लिहिलं की सांगितल्यासारखं वाटतं. हीच तर खोड आहे माझी. कागदावर उतरलं की मला वाटतं काम झालं.

बाळाजी परवा माती भरताना एकदम म्हणाला, "तू त्या दिशी मनगट धरलंस ते बरं केलंस का वाईट, मला कळत न्हाय. मी माती नसती टाकली तरी, तू धरलंस म्हनून सांगाया झालं." त्याने टोपली माझ्या डोक्यावर चढवली.

मला आता वाटतं, तू अंमलदाराला लिहिलं असशील आणि एखादा शिपाई येईल. खरं सांगायचं तर मी त्याचीच वाट बघतोय. कुणीतरी टोपीवाला येऊन विचारेल आणि मग मला उत्तर द्यावंच लागेल. रोज माणगावच्या वाटेकडे बघतो. शिपाई आला असता तर

थांब. अंगणात कोणीतरी आलंय.

चाची आहे. चाचा गेल्यापासून ती एकदाही दगड ओलांडून वर आलेली नव्हती. उन्हातून आलीय, पाय चिखलाने भरलेत, म्हणजे रस्त्याने नाही, बांधावरून आलीय. हातात तुझं पत्र आहे. फोडलेलं नाही.

मी म्हणालो, आत या, बसा, वाचून दाखवतो. ती आत आली नाही. म्हणाली, "हितं नको. डाकवाल्यानं पाकिटावरचं वाचून दावलं मला. बांधावर समद्या जोळेपुढं वाचायचं, आसं ल्हिवलंय म्हनं. आनि हरेश्वरनंच वाचायचं. मी तुज्या मामाला सांगून आले. त्यानं काम थांबवलं. समदी बसल्यात."

पाकीट मी हातात घेऊन पाहिलं. तुझंच अक्षर, मोठं, डाकवाल्याला वाचता यावं असं लिहिलेलं.

आत काय आहे ते तिला माहीत नाही. बांधावर बसलेल्यांपैकी कुणालाही ते वाचता येणार नाही. मी जे वाचीन तेच तू लिहिलेलं ठरेल.

ती पाकीट परत मागतेय. म्हणते, तिथवर माझ्याच हातात राहू दे. ती पुढे निघालीय.